कांडला बंदर

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि कराची बंदर पाकिस्तानात गेले. पंजाब, राजस्थान या प्रांतांचा पुष्कळसा माल तोवर त्याच वाटेने समुद्रापार जात असे. आता तो भार मुंबईवर येऊन पडला, आणि मुंबईच्या गोद्यांत तर आधीच जहाजांची दाटी होती. पश्चिम किनाऱ्यावर नवे बंदर उभारणे भागच होते.

त्यासाठी कच्छच्या आखाताच्या टोकाशी असलेली कांडल्याची खाडी निवडण्यात आली. तेथे १९३१ साली कच्छच्या महाराव खेंगारजींनी एक लहानसा धक्का बांधविला होता. सभोवार खारट, उजाड भूमी. परंतु खाडी लाटांपासून सुरक्षित होती. १९५२ च्या जानेवारीत पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बंदराची कोनशिला बसविण्यात आली. १९५५ पासून देशाच्या प्रमुख बंदरांत त्याची गणना होऊ लागली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी जवळच गांधीधाम हे नगर वसविण्यात आले. २०१७ पासून या बंदराला दीनदयाळ बंदर असे नाव आहे.

येथील सारे व्यवहार भरतीच्या तंत्राने चालतात. मोठ्या भरतीला पाणी ओहोटीपेक्षा सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुमजली घराइतके, वर चढते. मालाने भरलेले जहाज बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहत राहते. मग बंदराचा वाटाड्या जहाजावर चढतो व बोयांच्या खुणांवरून त्याला आत आणतो. हा जलमार्ग मोठा लहरी! प्रवाहाबरोबर गाळ येतो, वाळू सरकते आणि कालची वाट आज उथळ होते. म्हणून गाळ उपसणारी यंत्रे येथे सतत राबत असतात. अतिप्रचंड तेलवाहू जहाजांना मात्र ही खाडी पुरत नाही. ती आखाताच्या दक्षिण तीरावर वाडीनार येथे भर समुद्रातच उभी राहतात आणि त्यांतील तेल नळांवाटे किनाऱ्यावर येते.

धक्क्यांवर नाना तऱ्हेचा माल दिसतो. कोठे याऱ्या परदेशी लाकडांचे ओंडके उचलत असतात, कोठे खतांचे ढीग पडलेले असतात, तर कोठे खाद्यतेल नळांतून थेट टाक्यांत जाते. परदेशी जाणाऱ्या मालात मीठ महत्त्वाचे. बंदराभोवतालच्या सपाट जमिनीवर मिठागरे पसरलेली असून हजारो मजूर तेथेच झोपड्या बांधून राहतात.

जे पाणी जहाजांना आत आणते, तेच ९ जून १९९८ रोजी चक्रीवादळाबरोबर या मिठागरांवर चालून आले. सपाट भूमीवर आसऱ्याला उंचवटा नव्हता. त्या वादळात हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मिठागरांतील मजुरांची संख्या फार मोठी होती. पुढे २००१ च्या भूकंपात जुन्या धक्क्यांच्या खांबांना तडे गेले व बंदरावरील मनोरा एका अंगाला कलला. धक्के दुरुस्त झाले, आणि भरतीची वाट पाहणारी जहाजे पुन्हा आत येऊ लागली.