एक शतांश सेकंद आणि मधली आठ वर्षे

२२.४६ आणि २२.४७. जकार्ता, २१ ऑगस्ट २०१८, आशियाई क्रीडा स्पर्धेतली पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल. चीनचा यू हेशिन २२.११ सेकंदांत पहिला आला, जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२० मध्ये दुसरा. तिसरा जपानचाच शुनिची नाकाओ, २२.४६. चौथा कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २२.४७.

५० मीटर २२.४७ सेकंदांत पोहणाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २.२३ मीटर पडतो. या वेगाने एका शतांश सेकंदात माणूस जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. कांस्यपदक तेवढ्याने हुकले. पण मला त्याहून जास्त सलते ती त्याच दिवशी सकाळची नोंद. प्राथमिक फेरीत वीरधवलने २२.४३ अशी वेळ दिली होती आणि तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. संध्याकाळी तीच वेळ पुन्हा आली असती, तर नाकाओ चौथा आला असता. सकाळ आणि संध्याकाळ यांत चार शतांशांचा फरक पडला. ५० मीटरमध्ये वळण नसते, त्यामुळे उडी, पाण्याखालचा टप्पा किंवा शेवटचा हात यांतले एखादे थोडे चुकले की ते भरून काढायला जागाच उरत नाही.

आणखी बारीक मोजले असते तर काय दिसले असते, असा प्रश्न मनात येतो. पण जलतरणात मोजमाप मुद्दामच शतांशावर थांबवलेले आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीत स्वीडनच्या गुनार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदाने हरवले. त्यानंतर सहस्रांश बाद करण्यात आले, आणि ते योग्यच झाले. तलाव बांधताना लेनच्या लांबीत एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक राहू शकतो, आणि सहस्रांश सेकंदात पोहणारा सरकतो दोन मिलिमीटरच. म्हणजे सहस्रांशावर निकाल दिला, तर पोहणाऱ्याऐवजी गवंड्याचे काम मोजले जाईल. बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमध्ये सगळे एकाच १११.१२ मीटरच्या चक्रात धावतात आणि एकच रेषा ओलांडतात, म्हणून तिथे सहस्रांश चालतात.

त्याच खेळातल्या इटलीच्या आरियाना फोंतानाचे आकडे वीरधवलच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. २००६ ते २०२२ या काळात सलग पाच हिवाळी ऑलिंपिक आणि ११ पदके. एकट्या ५०० मीटरमध्ये २०१० ला कांस्य, २०१४ ला रौप्य, २०१८ आणि २०२२ ला सुवर्ण. दर चार वर्षांनी एक नोंद, मध्ये कुठे खंड नाही.

वीरधवलचा तक्ता असा भरत नाही. जन्म २९ ऑगस्ट १९९१, कोल्हापूर. पुढे बंगळुरूत निहार अमीन यांच्याकडे प्रशिक्षण. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल अशा तीन शर्यतींत तो उतरला तेव्हा त्याला सतरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्य. १९८६ मध्ये सोलला खजानसिंग यांनी रौप्य मिळवल्यानंतर आशियाई जलतरणात भारताला आलेले हे पहिलेच पदक, तब्बल २४ वर्षांनी. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. तेव्हा तो जेमतेम विशीत होता.

नंतरचे रकाने रिकामे आहेत. २०१२ चे लंडन ऑलिंपिक नाही, २०१४ ची इंचॉन आशियाई स्पर्धा नाही, २०१६ चे रिओ नाही. पदकाची कदर म्हणून राज्य सरकारने त्याला तहसीलदारपद दिले. तहसील कार्यालय म्हणजे महसूल, निवडणूक, आपत्ती, मोर्चे, पंचनामे. तिथला माणूस पहाटे आणि संध्याकाळी असे रोज दोन वेळा तलावात उतरणार कसा? काही वर्षे त्याचे पोहणे सुटले. तो पुन्हा पाण्यात उतरला आणि विशीतली शेवटची वर्षे सुरू असताना जकार्त्याला पोहोचला.

इथे एक वजाबाकी करून पाहू. त्याचा आधीचा राष्ट्रीय विक्रम २००९ मधला, २२.५२. नवा २२.४३. नऊ वर्षांत नऊ शतांश, म्हणजे वर्षाला सरासरी एक. आणि पदक हुकले तेही एकाच शतांशाने. हा पुरावा नव्हे, शरीर असे सरळ रेषेत सुधारत नसते. त्यातच २००९ हे पॉलियुरेथेनच्या पोशाखांचे वर्ष. त्या पोशाखांमुळे जगभर विक्रम कोसळले. ब्राझीलच्या सेझार सिएलोने २०.९१ ची वेळ दिली ती त्याच वर्षी, आणि २०१० च्या सुरुवातीपासून ते पोशाख बंद झाले. म्हणजे २०१८ च्या साध्या कापडातले २२.४३ हे दिसतात त्याहून मोलाचे आहेत. एवढा खंड पडूनही माणूस सतरा-अठराव्या वर्षीच्या स्वतःला मागे टाकतो, तर खंड न पडता तो कुठे पोहोचला असता, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

खंडाऐवजी कोणी वयाकडे बोट दाखवेल, पण ते कारण मला पटत नाही. अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला १९ व्या वर्षी याच शर्यतीत २१.९८ मध्ये सुवर्ण मिळवले, गॅरी हॉल ज्युनियरशी बरोबरीत. काही वर्षांत पोहणे सोडले. २०११ च्या सुमारास परतला, २०१२ ला लंडनमध्ये पाचवा आला आणि २०१६ ला रिओत ३५ व्या वर्षी २१.४० मध्ये पुन्हा सुवर्ण जिंकला. दुसऱ्या आलेल्या फ्लोरेंट मानादूची वेळ होती २१.४१. तिथेही फरक एका शतांशाचाच होता. वेग पस्तिशीपर्यंत टिकतो, मात्र परतल्यावर सलग चार-पाच वर्षे पाण्यात घालवावी लागतात.

वीरधवलला ती मिळाली नाहीत. टोकियो ऑलिंपिकसाठी ५० मीटर फ्रीस्टाइलची थेट पात्रता वेळ २२.०१ होती. त्याच्या विक्रमापासून ती ०.४२ सेकंद दूर, अंतरात मोजली तर एक मीटरपेक्षा कमी. पण २०२० च्या मार्चमध्ये देशातले तलाव बंद झाले आणि महिनोन्‌महिने उघडले नाहीत. निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे त्याने त्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितले होते. तरी तो पोहत राहिला. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले, पत्नी ऋजुताने महिलांचे, आणि ३२ व्या वर्षी त्याने स्पर्धात्मक पोहणे थांबवले.

वीरधवलच्याच कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०१५ पासून रेल्वेत नोकरीला आहे. नोकरी आणि नेमबाजी दोन्ही चालू राहिल्या आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह त्याला ऑलिंपिक कांस्य मिळाले. खेळाडूला नोकरी द्यावी यावर वाद नाही; घर त्यावरच चालते. वाद आहे तो नोकरी कोणती आणि कधी, यावर.

विशीतल्या पदकविजेत्याला थेट नियुक्ती देताना आदेशात दोन ओळी वाढवाव्यात: निवृत्ती जाहीर होईपर्यंत सरावासाठी पूर्ण पगारी मोकळीक, आणि कार्यालयाचा ताबा त्यानंतर. राज्य सरकारने एवढे जरूर करावे.