लिनक्सकडे टप्प्याटप्प्याने: म्युनिकची गोष्ट नेमकी कशी वाचायची?

गेल्या वर्षी आरआरसीसमोर माझं प्रपोजल आपटलं. विषय होता, 'ओपन सोर्स प्रणालींमुळे संस्थांचा खर्च वाचतो का?' समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "कशाच्या तुलनेत?" मी गप्प. सहा महिन्यांचं वाचन पाण्यात गेलं असं वाटून दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. ज्यांनी पेट दिली आहे आणि आता विषय शोधताहेत, त्यांच्यासाठी तो प्रश्न जरा उलगडून सांगते.

या विषयात हात घातला की पहिलं नाव समोर येतं ते जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं. तिथल्या संगणकांवर विंडोज एनटी 4 होतं आणि त्याचा सपोर्ट संपत आला होता. 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर ख्रिस्तियान उडे यांना भेटायला गेले, तरी नगरपरिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रकल्पाचं नाव लिमक्स. 2006 पासून प्रत्यक्ष बदल सुरू झाला आणि 2013 पर्यंत जवळपास 15,000 संगणक हलवून झाले. आणि मग 2017 मध्ये त्याच नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं.

आता हे कसं वाचायचं? काही जण म्हणतात, 'बघा, लिनक्स फसलं.' काही म्हणतात, 'राजकारण झालं.' मी दोन्ही वाक्यं माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिली होती, दोन वेगवेगळ्या प्रकरणांत!

खर्चाचंच घ्या. 2012 मध्ये पालिकेने हिशोब मांडला की सुमारे 1.1 कोटी युरो वाचले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेला अभ्यास आला, त्यात नेमकं उलट: लिनक्स महाग पडलं. दोघांच्या बेरजा बरोबर असल्या तरी उत्तरं वेगळी येऊ शकतात, कारण दोघांनी तुलनेसाठी धरलेला 'दुसरा रस्ता' वेगळा होता. एचपीने तुलना केली ती जुन्या विंडोज एक्सपीशी. पालिकेचं म्हणणं असं की आम्हाला विंडोजवर राहूनही पुढच्या आवृत्तीचे पैसे मोजावेच लागले असते. म्हणजे मॅडमचा प्रश्न इथे बसतो. जे घडलंच नाही त्याचा खर्च तुम्ही कसा धरता, यावर निष्कर्ष ठरतो. कुठलाही 'वाचले' हा आकडा दिसला की आधी हे शोधा.

मला खरी मजा आली ती मात्र वेगळ्याच ठिकाणी. एवढी वर्षं का लागली? ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला वेळ लागत नाही हो. पालिकेच्या प्रत्येक खात्याचा आयटी विभाग वेगळा, त्याच्या पद्धती वेगळ्या. त्यात वर्षानुवर्षं साठलेले हजारो फॉर्म, टेम्प्लेट आणि मॅक्रो. हे सगळं ओपनऑफिसमध्ये चालावं म्हणून त्यांनी वोलमक्स नावाचं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. पुढे 2016 मध्ये सल्लागारांनी जो अहवाल दिला, त्यातही मोठ्या अडचणी तंत्रापेक्षा संघटनेच्या रचनेतल्या असल्याचं म्हटलं होतं.

याच्या शेजारी फ्रान्सचं जाँदार्मरी हे पोलिस दल ठेवा. त्यांनी 2005 च्या सुमारास विंडोज तसंच ठेवून फक्त ओपनऑफिस आणलं. मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. लोकांचा हात बसला. तोवर विंडोज व्हिस्टा आलं, म्हणजे प्रशिक्षण कसंही करावं लागणारच होतं. तेव्हा, 2008 पासून, ते उबुंटूकडे वळले आणि 2013 पर्यंत सुमारे 37,000 संगणक बदलले. वापरणाऱ्याच्या रोजच्या खिडक्या त्याच राहिल्या, बदलली ती खालची जमीन. माझ्या मते 'टप्प्याटप्प्याने' याचा अर्थ हाच: आधी फाइली, मग अॅप्लिकेशन, सगळ्यात शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम. खाती एकामागून एक घेणं हा दुसरा टप्पा झाला, पहिला नाही.

आपल्याकडच्या छोट्या धंद्याला हे कसं लागू होतं? मी सध्या एका छापखान्यात जाते आहे. मालक काका उत्साही, म्हणाले, "पुढच्या महिन्यात सगळं लिनक्स करून टाकू, ताई." मी आधी यादी करायला लावली: कोणतं काम, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये, ती बाहेर कुणाला जाते. चारच रकाने. दुसऱ्या दिवशीच दोन गोष्टी वर आल्या. टॅली विंडोजसाठीच बनलेलं, तेव्हा हिशोबाचा एक संगणक आहे तसाच राहणार. आणि जुनं मराठी काम सगळं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये! तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता गिचमिड मजकूर. कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. हे काम विंडोजवर राहूनही कधीतरी करावंच लागलं असतं. मग त्याचा खर्च लिनक्सच्या नावावर टाकायचा का? (इथे मला मॅडम पुन्हा आठवल्या.)

माझा नवा प्रश्न असा आहे: छोट्या संस्था स्थलांतराच्या कोणत्या टप्प्यावर थांबतात आणि त्या वेळी अडलेलं काम कोणतं असतं? त्यासाठी बदल सुरू होण्याआधीची नोंद हवी. म्हणून सध्या छापखान्यात काहीच बदललेलं नाही. काउंटरवर एक वही ठेवली आहे. संगणक अडला की वेळ, कारण आणि किती मिनिटं गेली, एवढं तिघं कामगार लिहितात. पहिल्या आठवड्यात सतरा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ प्रिंटरच्या.