मोल्टनचा मास्तर

१८०५ साली श्रीरामपूरला मराठी व्याकरणाचं एक पुस्तक छापलं गेलं. आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. हुगळीकाठचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं. लेखक विल्यम कॅरी महाराष्ट्रात कधीच राहिला नव्हता. त्याचं शालेय शिक्षण गावच्या शाळेपुरतं आणि मूळ धंदा जोडे शिवण्याचा.

इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यात १७६१ साली त्याचा जन्म झाला. बाप विणकर, पुढे गावचा मास्तर. पोराला ऊन सोसत नसे, म्हणून शेतीऐवजी जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी. तिथल्या एका पुस्तकात त्याला ग्रीक शब्द दिसले. त्यानं ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतले आणि गावातल्या जाणत्या माणसाकडे जाऊन अर्थ विचारला. भाषा शिकण्याची हीच त्याची जन्मभराची रीत.

तरुणपणी कॅरी बाप्टिस्ट पंथाकडे वळला. या पंथात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेनं घ्यायचा असतो. कॅरीनं तो १७८३ साली नेन नदीत घेतला. दोन वर्षांनी तो मोल्टन गावी आला. तिथे तो शाळाही चालवी आणि प्रवचनंही करी. दोन्हीत पोट भरेना, म्हणून जोडे शिवणं सुटलं नाही. शिस्त लावण्यात हा मास्तर कच्चा. भूगोल मात्र जीव ओतून शिकवायचा. कॅप्टन कुकच्या सफरी वाचून झपाटलेल्या कॅरीनं कागद चिकटवून जगाचा मोठा नकाशा केला आणि देशोदेशीची लोकसंख्या, धर्म त्यावर टिपून ठेवले. १७९२ साली धर्मप्रसारावर त्याची ८७ पानी पुस्तिका निघाली, तीत देशवार तक्तेच तक्ते आहेत. प्रचारकाच्या पुस्तकात मास्तर असा डोकावतो.

त्याच वर्षी केटरिंगला मिशनरी संस्था उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १७९३ साली तो डॅनिश जहाजानं बंगालला निघाला. पत्नी डोरोथी आधी यायला तयारच नव्हती. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली काढणारी ही बाई. बहिणीला सोबत घेऊन अखेर निघाली. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीनं गेला आणि तिचं मानसिक संतुलन ढळलं, ते १८०७ साली मरेपर्यंत सावरलं नाही. कॅरीची बरीच चरित्रं हे दोन ओळींत उरकतात. त्याच्या पुस्तकांची किंमत कुणी मोजली, हे विचारायला हवं.

प्रचारक म्हणून यश सावकाश आलं. पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, बाप्तिस्मा घ्यायला तयार झाला तो सात वर्षांनी. मास्तरकीला मात्र बरकत आली. १८०१ साली कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अंमलदारांना शिकवण्यासाठी त्याला नेमलं. आधी बंगाली आणि संस्कृत, मग मराठी. पगार श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक तिजोरीत जाई.

मराठीसाठी त्याचे खरे गुरू कॉलेजातले पंडित वैजनाथ शर्मा. मोल्टनच्या मास्तरानं इथे पुन्हा विद्यार्थी होऊन विचारून विचारून भाषा उतरवून घेतली. १८०५ चं व्याकरण देवनागरीत छापलं. पण मराठ्यांचे कागदपत्र मोडीत, तेव्हा अंमलदारांना मोडी हवी. १८१० साली निघालेल्या त्याच्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे पाडले गेले. पुढे सिंहासनबत्तिशी, हितोपदेश ही मराठी गद्याची पुस्तकंही श्रीरामपूरहूनच निघाली. आपल्या छपाईच्या इतिहासात वैजनाथांचं नाव कॅरीच्या बरोबरीनं यायला हवं.

हे काम टिकलं किती? श्रीरामपूरच्या मराठीवर नागपूरकडची छाप होती. मुंबईच्या अमेरिकन मिशननं १८२६ साली बायबलमधल्या नव्या कराराचं आपलं वेगळं भाषांतर छापलं. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला आणि कॅरीचा कोश मागे पडला.