दावा हाच निवाडा?

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या लहानग्याची २९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्ट वाजत होते. तेवढ्यावरून युनिव्हर्सल या संगीत कंपनीने ती चित्रफीत काढून टाकायला लावली. बाई न्यायालयात गेल्या. तक्रार करण्यापूर्वी तो वापर न्याय्य आहे काय, याचा विचार तक्रारदाराने केलाच पाहिजे, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. प्रकरण तडजोडीने मिटण्यास मात्र २०१८ साल उजाडले. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेचे वकील पाठीशी होते म्हणून हा लढा टिकला. ज्यांच्या पाठीशी असे कोणी नाही, त्यांनी काय करावे?

स्वामित्वहक्क ही त्याज्य वस्तू आहे, असे कोणी म्हणणार नाही. गीतकार, संगीतकार, निर्माते यांच्या कष्टांवर परक्याने पैसा मिळवावा, हा अन्यायच होय. भारतीय कायद्यातही २०१२ साली दुरुस्ती होऊन चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा सुरक्षित झाला, आणि ते योग्यच झाले. प्रश्न हक्काचा नसून तो बजावण्याच्या रीतीचा आहे.

तक्रार येताच मजकूर हटवणाऱ्या कंपनीवर उत्तरदायित्व येत नाही, अशी तरतूद अमेरिकेने १९९८ च्या कायद्यात केली. साहजिकच आधी हटवावे व मग विचार करावा, हेच कंपनीच्या सोयीचे ठरले. मार्च २००७ मध्ये व्हायकॉम कंपनीने यूट्यूबवर एक अब्ज डॉलरांचा दावा लावला आणि त्याच वर्षी 'कॉन्टेन्ट आयडी' ही यंत्रणा आली. मालकाने दिलेल्या ध्वनीशी वा चित्राशी जुळणारा तुकडा ती शोधते. मग चित्रफीत रोखावी, की तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवावे, हे मालक ठरवतो. हौशी माणसाने आक्षेप घेतला, तर त्याचा पहिला विचार करतो तो दावेदारच. त्यासाठी त्याला ३० दिवसांची मुदत असते. पुढे अपील करावे, तर चित्रफीत हटवली जाऊन खात्यावर ठपका येण्याची भीती. आणि ९० दिवसांत असे तीन ठपके आले, की खातेच बंद होऊ शकते. वादी आणि न्यायाधीश एकच असलेल्या अशा दरबारात सामान्य माणूस गप्प बसतो, यात नवल ते काय?

यूट्यूबनेच प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. जानेवारी ते जून २०२१ या सहा महिन्यांत या यंत्रणेतून ७२ कोटींहून अधिक दावे झाले आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक यंत्राने आपोआप केले. आक्षेप घेतला गेला तो एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर. पण आक्षेपांच्या निकालांपैकी ६० टक्के निकाल चित्रफीत ठेवणाऱ्याच्या बाजूने लागले. बहुतेक दावे रास्त असतीलही. तथापि जे बोलतात त्यांतले निम्म्याहून अधिक जिंकतात, तेव्हा न बोलणाऱ्या सगळ्यांना दोषी मानता येत नाही.

यंत्राला ध्वनी ओळखता येतो, कायदा ओळखता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एका संगीतज्ञाने केवळ एकसुरी खरखराटाची दहा तासांची चित्रफीत तयार केली होती; तिच्यावर पाच दावे लागल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. परंतु एखाद्या कंपनीने त्यांच्या नव्या आवृत्तीची नोंद या यंत्रणेत केली, तर घरची तबकडी वाजवणारा संग्राहकही यंत्राच्या लेखी चोरच ठरू शकतो.

आपल्या १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम खाजगी अभ्यास, समीक्षा व अध्यापन यांसाठीच्या वापराला संरक्षण देते. तक्रारीवरून मजकूर रोखल्यावर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करण्याची मुभाही त्यात आहे. निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्यासाठी ६० वे कलम आहे. पण कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत या तरतुदींना विचारतो कोण? आणि एका चित्रफितीसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे मास्तरांना वा विद्यार्थ्याला परवडणार कसे?

म्हणून दाव्यालाच किंमत मोजावी लागली पाहिजे. वारंवार खोटे दावे करणाऱ्याची त्या यंत्रणेतील सवलत काढून घ्यावी. मुदत संपलेल्या कृतींवरील दाव्यांत हक्काचा पुरावा आधी मागावा. आक्षेपाचा निर्णय दावेदाराने नव्हे, तर त्रयस्थ माणसाने द्यावा. रस्त्यावर पाकीट मारल्याचा संशय असलेल्यालाही आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. घरातल्या पेटीवर गाणे वाजवणाऱ्याला ती नाकारण्याचे कारण नाही.