तगरपुराचा एक दिवस

ठाण्यास आणि कोल्हापुरास राज्य करणाऱ्या शिलाहार राजांनीं आपल्या लेखांत एक बिरुद मोठ्या अभिमानानें मिरविलें आहे. तें म्हणजे 'तगरपुरवराधीश्वर', श्रेष्ठ अशा तगर नगराचा स्वामी. गंमत अशी कीं, हे लेख कोरले गेले तेव्हां तगरावर त्यांची सत्ता नव्हती. सौंदत्तीच्या रट्टांचेंही तसेंच. ते स्वतःस 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि हें लत्तलूर म्हणजे आपलें लातूर असें पंडित मानतात. आमचें आडनांवही नायगांवावरून पडलेलें असल्यामुळें या राजांविषयीं आम्हांस थोडी आपुलकी वाटते, हें आधींच सांगून ठेवतों.

लातुरास आमचे थोरले चुलतबंधु राहतात. नोकरीच्या निमित्तानें चाळीस वर्षांपूर्वीं ते नायगांव सोडून तेथें गेले. आतां चिरंजीव पुण्यास स्थायिक झाल्यामुळें घर विकून तेही पुढील महिन्यांत पुण्यास जावयाचे आहेत. निरोपाची भेट म्हणून आम्ही सपत्नीक चार दिवस त्यांजकडे जाऊन राहिलों. पहिले तीन दिवस पाहुणचारांत व सामानाच्या आवराआवरींत गेले. चौथ्या दिवशीं सकाळीं दादा म्हणाले, "अरे, सारा जन्म इकडे गेला, पण तेर कांहीं पाहिलें नाहीं. आज जाऊन येऊं." पुण्याहून आलेली त्यांची बारा वर्षांची नातही बरोबर निघाली. मुरूड, ढोकी करीत मोटारीनें आम्ही तेरणेच्या कांठीं पोहोंचलों.

तेर म्हणजेच तें तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या सागरप्रवासाच्या ग्रंथांत, पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर असल्याचें लिहिलें आहे. तेथील जाडेंभरडें कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, रस्ता म्हणण्यासारखा रस्ता नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदरास जात असे. हें तगर कोणतें यावर पंडितांत दीर्घकाळ वाद चालला. कोणी जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी, कोणी कोल्हापूर. सन १९०१ मध्यें फ्लीट यांनीं तेरचा पक्ष मांडला आणि तोच टिकला.

येथील पदार्थसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलें आहे. शेतांत नांगरास लागलेला मणी किंवा पांढरीच्या मातींत सांपडलेली मृण्मूर्ति इतर लोक टाकून देत असतां एका गृहस्थानें ती आयुष्यभर जपावी, ही गोष्ट आमच्या मतें कोणत्याही राजाच्या बिरुदाहून मोठी आहे. तेथें हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति आहे. तिच्याशीं बरेंच साम्य असलेली दुसरी मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पॉम्पेई येथें सांपडली. आणि तें शहर तर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलें! नात त्या पेटीसमोरून हलेना.

त्रिविक्रमाचें देऊळ विटांचें आहे. त्याची मागील बाजू हत्तीच्या पाठीसारखी वाटोळी आहे, कारण मूळचें तें बौद्धांचें चैत्यगृह. आंत आज पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. दादा भिंतीस हात लावून बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "घर विकलें तरी पाडूं नये, एवढें घेणाऱ्यास सांगावयास हवें होतें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेऊन दिवेलागणीस आम्ही लातुरास परतलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर दादांनीं माळ्यावरून एक रुमाल काढून आमच्या स्वाधीन केला. त्यांत घराण्याची मोडी वंशावळ आहे. पुण्याच्या बिऱ्हाडांत ती ठेवावयास जागा नाहीं, हें त्यांनीं सांगितलेलें कारण. ती वाचणारें तेथें कोणी नाहीं, हें खरें कारण. शेवटची नोंद आमच्या आजोबांची होती. पुढील नांवें त्याच रात्रीं लिहावीं असें ठरून आम्ही लेखणी घेतली. प्रत्येक नांवापुढें वास्तव्य लिहिलेलें होतें, आणि आजोबांपर्यंत सर्वत्र नायगांवच. दादांच्या नांवापुढें काय लिहावें? लातूर म्हणावें तर लातूर सुटलें. पुणें म्हणावें तर अद्याप गेले नाहींत. शेवटीं तेच म्हणाले, "नायगांव लिही. त्या शिलाहारांना चाललें, मला कां चालूं नये?"

त्यांच्या चिरंजीवांचें नांव लिहून आम्ही कागद वाळत ठेवला, तों नात म्हणाली, "माझें नांव कोठें आहे?" वंशावळींत मुलींची नांवें घालण्याची वहिवाट नाहीं, असें दादा समजावूं लागले. ती म्हणाली, "पण मोडी तर मीच शिकणार आहें." दादा आमच्याकडे पाहूं लागले. आम्हीं कागद पुन्हां पुढें ओढला व तिचें नांव लिहिलें. वास्तव्य पुणें, त्याखालीं, तिच्याच आग्रहावरून, 'मूळ नायगांव'. आपण तें गांव अजून पाहिलेलेंच नाहीं, हें तिच्या तेव्हां ध्यानांत आलें. दिवाळीच्या सुटींत आठ दिवस आमच्याकडे धाडण्याचें दादांनीं कबूल केलें आहे. बाराखडीचा कित्ता आम्ही आजच घालावयास घेतला आहे.