भिंतीवरच्या कॅलेंडरातला हिशेब

स्वयंपाकघराच्या दारामागे किंवा फ्रिजच्या बाजूला खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर म्हणजे मराठी घराची खरी खतावणी. चतुर्थी-एकादशी बघायला ते लावलेलं असतं, पण त्याच्या चौकोनांत बारीक अक्षरांत वेगळंच काही लिहिलेलं सापडतं. 'दूध नाही', 'अर्धा लिटर जादा', 'सिलेंडर लावला', 'इस्त्री १४', 'मावशींना ५०० उचल'. महिनाअखेरीला दूधवाला दारात आला की घरातली बाई त्या चौकोनांवरून बोट फिरवत खाडे मोजते आणि तेवढे पैसे वजा होतात. नोंद समोर असते, त्यामुळे वाद होत नाही आणि न घेतलेल्या दुधाचे पैसेही जात नाहीत.

घरखर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड हौसेवर पडते. बाहेरचं जेवण बंद, सिनेमा बंद, मुलांचं आइस्क्रीम बंद. घर हिरमुसतं आणि दोन महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. मात्र भांड्याच्या बाहेर जळणारी ज्योत, रात्रभर चालू राहिलेला सेट-टॉप बॉक्स, डब्याच्या तळाशी किडलेली डाळ, यांवर गेलेल्या पैशाचा आनंद घरात कोणालाच मिळालेला नसतो. आधी हात घालायचा तो इथे.

सुरुवात सिलेंडरपासून. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरतो असं विचारलं, तर बहुतेक घरांत 'महिना-सव्वा महिना' असं मोघम उत्तर मिळतं. कॅलेंडरवर तारीख लिहिलेली असेल तर उत्तर नेमकं येतं: ३४ दिवस, ३३ दिवस, मग अचानक २७. फरक दिसला की कारण शोधता येतं. पाहुणे होते का? फराळ केला होता का? की बर्नर तुंबलाय? ज्योत निळी असेल तर गॅस नीट जळतोय. ती पिवळी होऊन भांड्याची बुडं काळी पडू लागली, तर बर्नरच्या भोकांत बहुधा उतू गेलेलं दूध नाहीतर डाळ वाळून बसलेली असते. शेगडी गार झाल्यावर बर्नर काढून घासायचा, टाचणीने भोकं मोकळी करायची, पूर्ण सुकवून परत बसवायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

आणि मग कुकर. आपल्याकडे 'कुकर लावणं' म्हणजे एका आचेवर दोन-तीन पदार्थ शिजवणं: खाली वरणाचा डबा, त्यावर भाताचा, सगळ्यात वर ताटलीत दोन बटाटे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं आणि त्यानंतर आच कितीही मोठी केली तरी ते त्याहून तापत नाही, नुसती वाफ जास्त होते. कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. गॅस वाया जातो तो पुढे, मोठ्या आचेवर 'पाच शिट्ट्या' मोजण्यात. पहिली शिट्टी झाली याचा अर्थ हवा तेवढा दाब तयार झाला. त्यानंतरची प्रत्येक जोरदार शिट्टी म्हणजे पैसे मोजून तयार केलेली वाफ खिडकीबाहेर सोडणं. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक केली आणि शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजली, तर डाळ तितकीच मऊ शिजते. डाळ अर्धा तास आधी भिजवली आणि छोले-राजमा रात्रभर भिजवले, की मिनिटं आणखी कमी होतात. गॅस बंद केल्यावरही कुकर पडेपर्यंत आत शिजणं चालूच असतं. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली की ती फुकटची ऊब हातची जाते.

इंधन बचतीचा प्रसार करणारी 'पीसीआरए' ही सरकारी संस्था कित्येक दशकं हेच साधं सांगत आली आहे. कांदा चिरून, मसाल्याचा डबा हाताशी घेऊन मग शेगडी पेटवावी. झाकण ठेवावं. छोट्या भांड्याला छोटा बर्नर वापरावा. शेगडी पेटवून कढीपत्ता शोधायला फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येक घराला हे लागू आहे.

विजेच्या बिलावर शेवटचा आकडा सोडून दुसरं काही वाचायची सवय फार थोड्यांना असते. खरं तर बचतीची गोम मधल्या तक्त्यात आहे. महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. त्यामुळे ज्या घरात महिन्याला ३२० युनिट जळतात, तिथली शेवटची २० युनिट सगळ्यात महाग असतात आणि वापर कमी केला की तीच आधी गळतात. शिवाय विजेवर १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही तेवढ्या प्रमाणात घटतं.

ही २० युनिट कुठून काढायची? वर बघावं, पंखा फिरत असतो. जुना साधा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. नवे बीएलडीसी पंखे पूर्ण वेगाने फिरतानाही ३० वॅटच्या आसपास वीज घेतात. एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होतं. बैठकीतला पंखा दिवसाला १६ तास चालत असेल, तर जुना १.२ युनिट खातो आणि नवा अर्ध्या युनिटाहूनही कमी. महिन्याला फरक २१ युनिटांच्या वर जातो, तोही एकट्या पंख्यामागे. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. सगळ्यात जास्त तास फिरणारा आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षातून चार वेळा लागणारा पंखा खुशाल जुनाच राहू द्यावा.

असाच हिशेब गिझरचा. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं. पहाटे बटण दाबून शेवटची आंघोळ होईपर्यंत गिझर चालूच ठेवला, तर टाकीतली ऊब झिरपत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापत राहतो. आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या आणि बटण वेळेवर बंद केलं तर हा भाग वाचतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो. तो १० वॅट घेत असेल तर चोवीस तासांचे महिन्याला सातेक युनिट होतात, म्हणून बटण भिंतीवरचं बंद करावं. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २४ अंश आणि वर हळू फिरणारा पंखा एवढ्यावर झोप छान लागते.

फ्रिजची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दारात अर्धी बाहेर राहील अशी धरून दार लावायचं आणि ती ओढून बघायची. अडकून राहिली तर रबर ठीक आहे. अलगद निघून आली तर त्याच फटीतून थंडी दिवसरात्र बाहेर जातेय. रबर बदलायला येणारा खर्च फ्रिजच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ असतो. ही परीक्षा चारही बाजूंनी घ्यावी, कारण रबर बहुधा खालच्या कोपऱ्यात आधी सैल होतं.

पण किराणा हा याहून मोठा विषय आहे, आणि त्यात मराठी घरांकडे पिढ्यांचं शहाणपण साठलेलं आहे.

चैत्र-वैशाखात वर्षाचं धान्य भरायची रीत नुसत्या परंपरेतून आलेली नाही. गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, तूर त्याच्या थोडी आधी, लाल मिरची आणि हळदही याच सुमाराला. माल भरपूर असतो तेव्हा भाव उतरलेले असतात आणि ऊन कडक असल्याने वाळवणं सोपं जातं. गच्चीवर जुन्या सुती साडीवर गहू पसरायचा, दुपारी हात फिरवून उलटायचा, संध्याकाळी पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच कोठीत भरायचा. गरम धान्य भरलं तर आत घाम धरतो आणि कीड लागते. तांदूळ-डाळींना एरंडेल तेलाचा हात लावायचा, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. २०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा उन्हाळ्यात डाळ भरून ठेवलेल्या घरांतलं वरण पातळ झालं नाही.

अर्थात वन-रूम किचनमध्ये कोठी ठेवायची कुठे, हा प्रश्न खरा आहे. अशा घरांनी तीन-चार महिन्यांचं भरावं, किंवा शेजाऱ्यांबरोबर पोतं वाटून घ्यावं. वाटून घेण्याची हीच कल्पना मुंबईत एका चळवळीने पक्की करून दाखवली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आजूबाजूची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, ठोक खरेदीतला माल ठरलेल्या दिवशी संघात येतो आणि यादीप्रमाणे घरोघरी वाटला जातो. मधले हात कमी झाल्याने भावात फरक पडतोच. पण दुसरा फायदा त्याहून मोलाचा वाटतो: यादी आधी, शांतपणे, घरी बसून केलेली असते. दुकानात ट्रॉली ढकलताना समोर दिसलं म्हणून काही उचललं जात नाही.

दुकानातच जायचं असेल तर पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव वाचावा. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही, आणि 'एकावर एक' म्हणून घरी आलेली दुसरी बाटली मुदत संपेपर्यंत कपाटातच राहिली तर ती फुकट नव्हती. नेहमीच्या गोळ्या लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातल्या किमतीही बघाव्यात. तिथली जेनेरिक औषधं नामांकित ब्रँडच्या निम्म्या किमतीत आणि कधी त्याहूनही कमीत मिळतात.

आणलेलं सगळं पोटात जातं का, हे शेवटचं. दोडक्याची भाजी करताना आजीच्या हाताखाली एक वाटी वेगळी असायची. तासलेल्या शिरा त्यात पडायच्या आणि तिळाबरोबर खमंग भाजून, मीठ-लसूण-मिरची घालून त्यांची चटणी व्हायची. ताटात भाजीआधी तीच संपायची. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीत, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. हे पदार्थ गरिबीची खूण म्हणून नव्हे, चवीसाठी टिकून राहिलेत. बाजारातून आलेल्या भाजीतला जो भाग कचऱ्यात जातो, त्याचेही पैसे काट्यावर मोजलेले असतात.

वाचलेले पैसे वेगळे काढले नाहीत तर ते महिन्याच्या खर्चात कधी मिसळले कळतही नाही. पोस्टातलं आवर्ती ठेवीचं खातं महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येतं आणि ते पाच वर्षांचं असतं. गॅस, वीज आणि किराणा मिळून महिन्याला ३०० रुपये बाजूला पडले, तर साठ हप्त्यांत १८,००० रुपये मुद्दल जमते, व्याज वेगळं. नोटेच्या परीक्षेत नापास झालेला तो जुना फ्रिज तोवर थकलेला असेल. त्याच्या जागी जास्त तारे असलेला नवा फ्रिज हप्ते न बांधता, रोख पैसे मोजून आणता येईल, आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात कोणीतरी लिहील, 'नवा फ्रिज'.