गंगापूर धरणाला सहल काढताय? जेवण कुठे करायचं ते आधी ठरवा

तारापूर-बोईसरहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिक गाठता येतं. गोदावरीवरचं गंगापूर धरण आणि काठचे द्राक्षमळे पाहायला आपण मुलाबाळांना घेऊन जातो. अडचण येते ती जेवणाची.

सुला वायनरी इथे २००० साली सुरू झाली, पुढे आणखीही आल्या. त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलावर वाइन असतेच. "शाकाहारी आहे ना, मग चालतंय," असं आपल्यात सर्रास म्हणतात. पण शाकाहारी म्हणजे शराबविरहित नव्हे. सॉसमध्ये वाइन, केक-पुडिंगमध्ये रम असू शकते, आणि शिजवल्याने ती पूर्ण उडून जात नाही. शिवाय ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही हदीस आपण जाणतोच.

मग काय करावं?

- सकाळी नाश्त्याला नाशिकची मिसळ खावी.
- दुपारी घरचा डबा धरणाकाठी उघडावा. कचरा परत आणावा.
- मटण-चिकन हवं असेल तर जुन्या नाशकात, दूध बाजार, चौक मंडई, बडी दर्गाह परिसरात यावं. तिथेही हलालची खात्री विचारूनच करावी.
- हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च, ताजी द्राक्षं घ्यावीत. बेदाणेही न्यावेत.

आमच्या वर्गातली मुलं विचारतात, "सर, द्राक्षं हलाल, मग वाइन हराम का?" आम्ही सांगतो, बेटा, फळ ही अल्लाहची नेमत. त्यात नशा आली की हुकूम बदलतो. हे मळ्यात उभं राहून समजावलं तर मुलांच्या पक्कं लक्षात राहतं.